अब्राहामाचे उंट

बायबलाच्या पहिल्या पुस्तकास मराठी भाषांतरांत 'उत्पत्ति' असें नांव आहे. त्याच्या चोविसाव्या अध्यायांत वधूसंशोधनाची एक मनोहर कथा आहे. अब्राहाम वृद्ध झाला. त्यानें आपल्या घरांतील जुन्या विश्वासू सेवकास बोलावून सांगितलें कीं, माझ्या मुलास येथील कनानी लोकांची मुलगी करावयाची नाहीं. तूं माझ्या मूळ देशीं माझ्या भाऊबंदांत जा आणि तेथून इसहाकाकरितां वधू घेऊन ये. सेवक धन्याच्या कळपांतील दहा उंट घेऊन निघाला. मेसोपोटेमियांत नाहोराच्या नगराबाहेर पोहोंचल्यावर, सायंकाळीं बायका पाण्यास येण्याच्या सुमारास, त्यानें विहिरीजवळ उंट बसविले व मनाशीं खूणगांठ बांधली कीं, जी मुलगी आपणांस पाणी पाजून आपण होऊन उंटांसही पाजूं लागेल तीच आपल्या धन्याची सून. इतक्यांत खांद्यावर घागर घेतलेली रिबका तेथें आली, आणि खूण तंतोतंत पटली.

कूळ पाहून, स्वभाव पारखून मुलगी पसंत करण्याची ही रीत आपल्या घरांतील वडीलधाऱ्या मंडळींस मुळींच परकी वाटणार नाहीं. मात्र ही परीक्षा किती कठीण होती हें उंटाशीं संबंध न आलेल्या वाचकाच्या लक्षांत येत नाहीं. प्रवासानें तहानलेला मोठा उंट दहापंधरा मिनिटांत शंभर लिटरपर्यंत पाणी पिऊं शकतो. सेवकाचे उंट अर्धेच तहानलेले होते असें धरलें तरी दहांना पांचशें लिटर पाणी लागलें असेल. आणि घागरींत दहाबारा लिटर पाणी मावतें असें मानल्यास त्या मुलीनें चाळीस-पन्नास खेपा घातल्या असल्या पाहिजेत. त्यांतून पाणी सखल जागीं होतें. ती खालीं उतरून घागर भरून वर आली असें कथेंतच म्हटलें आहे. सेवक हा वेळपर्यंत मुकाट्यानें तिच्याकडे पाहत उभा राहिला! आपल्याकडील एखाद्या आजीबाईनें ही कथा ऐकली तर वधूची स्तुति करण्याआधीं त्या सेवकास दोन शब्द सुनावल्याशिवाय ती राहणार नाहीं.

कथा लिहिणारास उंटाची चांगली ओळख होती, हें यावरून उघड आहे. आमचा प्रश्न निराळा आहे. परंपरेच्या गणनेनें अब्राहामाचा काळ इ. स. पूर्वीं सुमारें २००० ते १८०० यांच्या दरम्यान पडतो. त्या काळीं त्या देशांत पाळीव उंट होता काय?

वरवर पाहतां हा प्रश्न क्षुल्लक दिसतो. दहा उंटांच्या ऐवजीं दहा गाढवें घातलीं तर कथेचें काय बिघडतें, असें कोणी म्हणेल. परंतु अब्राहाम हा कांहीं एकाच पंथाचा पूर्वज नव्हे. यहुदी, ख्रिस्ती व मुसलमान हे तिन्ही समाज त्यास पूज्य मानतात. आणि ज्या ग्रंथांत त्याचें चरित्र आहे तो ग्रंथ केव्हां लिहिला गेला, पाहणारानें लिहिला कीं शेंकडों वर्षांनंतरच्या कोणी ऐकणारानें लिहिला, हा त्या समाजांच्या जिव्हाळ्याचा विषय आहे. आपणांपैकींही कांहीं मराठी घरांशीं त्याचा संबंध पोहोंचतो. कोंकणांतील बेने इस्राएल मंडळींनीं एकोणिसाव्या शतकांत अब्राहाम, योसेफ इत्यादिकांचीं आख्यानें मराठी कीर्तनांत आणलीं. टाळांच्या नादांत त्या पूर्वजाची कथा ऐकणाऱ्या श्रोत्यांस त्याच्या उंटांविषयीं शंका आली नसेल. पण उत्खनन करणारांना ती आली.

ही शंका विसाव्या शतकाच्या पांचव्या दशकांत विल्यम ऑल्ब्राइट या अमेरिकन पंडितानें जोरानें मांडली. हा गृहस्थ उंटावरून शेळ्या हाकणारा नव्हता. पॅलेस्टाइनांत अनेक वर्षें राहून त्यानें स्वतः उत्खननें केलीं होतीं. शिवाय तो बायबलाचा वैरीही नव्हता. उलट अब्राहामादि पूर्वजांच्या कथांत सत्यांश पुष्कळ आहे असेंच त्याचें एरवीं म्हणणें असे. अशा मनुष्यानें, या कथांतील उंट मात्र मागाहून आलेले आहेत, असें सांगितलें, म्हणून त्या सांगण्यास वजन आलें.

त्या पुरातन काळचें वाहन कोणतें होतें याविषयीं आतां संशय उरलेला नाहीं. तें वाहन म्हणजे गाढव. मिसर देशांत नाईल नदीच्या कांठीं बेनी हसन येथें डोंगरांत कोरलेलीं थडगीं आहेत. त्यांपैकीं ख्नुमहोतेप नांवाच्या सरदाराच्या थडग्याच्या भिंतीवर, इ. स. पूर्वीं सुमारें १८९० मध्यें, आशियांतून आलेल्या एका टोळीचें चित्र रंगविलेलें आहे. टोळींत सदतीस माणसें आहेत असें वरील लेखांत नमूद आहे. पुरुषांच्या दाढ्या, बायकांचीं रंगीबेरंगी वस्त्रें, हातांतील वाद्य व धनुष्य, सगळें चित्रकारानें बारकाईनें दाखविलें आहे. अब्राहाम मिसरांत गेला असें उत्पत्तीच्या बाराव्या अध्यायांत आहे. तो गेला असेल तर थोडाबहुत असाच दिसला असेल. आणि त्या टोळीचें सामान व लहान मूल गाढवाच्या पाठीवर आहे. उंट एकही नाहीं.

तीच गोष्ट त्या काळच्या व्यापारी कागदपत्रांची. कागद म्हणजे अर्थात् मातीच्या विटा. हल्लींच्या तुर्कस्तानांत कानेश नांवाचें जुनें व्यापारी ठाणें होतें. तेथें वीस हजारांहून अधिक मृत्तिकालेख सांपडले आहेत. अश्शूर नगरांतून सुमारें हजार किलोमीटर वाट तुडवून कथील व कापड तेथें जात असे. गाढवांची खरेदी, त्यांचा चारा, वाटेंत मेलेलें गाढव, जकात, या सर्वांचे हिशेब त्या लेखांत आहेत. फरात नदीवरील मारी येथील राजवाड्यांतही असाच हजारों लेखांचा सांठा सांपडला. भटक्या टोळ्यांच्या हालचाली त्यांत पानोपानीं आहेत, पण त्या टोळ्यांजवळ मेंढ्या व गाढवें आहेत. खुद्द बायबलांतही जुन्या राज्यांच्या कथांत मानाचें वाहन गाढवच आहे. शौल राजा होण्यापूर्वीं बापाचीं हरवलेलीं गाढवें शोधीत हिंडत होता. न्यायाधीश याईराचे तीस मुलगे तीस गाढवांवर बसून फिरत. आपल्या देशांत गाढवावर बसविणें ही धिंड समजली जाते, म्हणून हें वाचतांना आपणांस हंसूं येतें. तेथें ती थोरवी होती.

हें झालें लेखांचें व चित्रांचें. आतां हाडांकडे वळूं, कारण या वादाचा खरा निकाल हाडांनीं लावला आहे.

मृत समुद्राच्या दक्षिण टोंकापासून अकबाच्या आखातापर्यंत अराबा नांवाची लांबलचक खोल दरी आहे. उन्हाळ्यांत तेथें वणवा पेटल्यासारखें ऊन असतें. पाणी जवळजवळ नाहींच. परंतु जमिनींत तांबें आहे. दरीच्या पश्चिमेस तिम्ना व पूर्वेस फैनान या दोन ठिकाणीं प्राचीन काळीं तांब्याच्या भट्ट्या चालत असत. धातू गाळल्यावर उरलेल्या मळीचे काळे ढीग तेथें अजून आहेत. अशा ढिगांचा एक मोठा उपयोग असा कीं, वर्षानुवर्षें थरावर थर चढत गेल्यामुळें त्यांत काळाची जणूं चोपडीच लिहिलेली असते. भट्टींतील कोळशावरून प्रत्येक थराचा काळ बऱ्याच निश्चितपणें काढतां येतो, आणि कामगारांनीं खाऊन टाकलेल्या व मेलेल्या जनावरांचीं हाडें त्याच थरांत सांपडतात.

तेल अवीव विद्यापीठांतील लिदार सापिर-हेन ही विदुषी व एरेझ बेन-योसेफ हे संशोधक यांनीं या हाडांची छाननी करून २०१३ सालीं निबंध प्रसिद्ध केला. त्यांस असें आढळलें कीं, खालच्या थरांत शेळ्यामेंढ्या, गाढवें यांचीं हाडें भरपूर. उंटाचीं क्वचित्, आणि तींही रानटी जनावराचीं असावींत अशीं. पुढें इ. स. पूर्वीं दहाव्या शतकाच्या शेवटच्या तृतीयांशांत एकाएकीं चित्र बदलतें. त्या थरापासून वर उंटाचीं हाडें मोठ्या प्रमाणांत दिसूं लागतात, आणि दरीच्या दोन्ही अंगांस जवळजवळ एकाच वेळीं दिसूं लागतात. पायांच्या हाडांवर ओझें वाहिल्याच्या खुणा आहेत. म्हणजे हा मांसाकरितां मारलेला रानउंट नव्हे, चाकरीचा उंट होय.

हा बदल झाला त्याच सुमारास, इ. स. पूर्वीं ९२५ च्या आसपास, मिसरचा राजा पहिला शेशोंक यानें या प्रदेशावर स्वारी केली होती. बायबलांत हाच राजा शीशक या नांवानें येतो. शलमोनाचा मुलगा रहबाम याच्या कारकीर्दींत त्यानें यरुशलेम लुटलें. या स्वारीनंतर तांब्याच्या धंद्याची नवी मांडणी झाली आणि तिच्याबरोबर उंट आले, असा या दोघांचा तर्क आहे. तर्क सोडून दिला तरी थरांचा काळ राहतोच. अब्राहामाच्या परंपरागत काळापासून तो निदान आठनऊशें वर्षें अलीकडचा आहे. शबाची राणी सुगंधी द्रव्यें व सोनें उंटांवर लादून शलमोनाच्या भेटीस आली, ही कथाही मग अगदीं उंबरठ्यावर येऊन उभी राहते.

२०१४ च्या फेब्रुवारींत ही वार्ता जगभर पसरली, आणि जें व्हावयाचें तेंच झालें. एका पक्षानें जाहीर केलें कीं, उंट खोटे म्हणून अब्राहाम खोटा व अब्राहाम खोटा म्हणून सगळा ग्रंथच खोटा. दुसऱ्या पक्षानें संशोधकांच्या हेतूविषयींच शंका घेण्यास आरंभ केला. आम्हांस दोन्ही पक्ष सारखेच उतावीळ वाटतात.

ज्यास साहित्यशास्त्रांत कालविपर्यास म्हणतात तो जुन्या कथांत आढळणें हें लबाडीचें लक्षण नव्हे, जिवंतपणाचें आहे. कथा तोंडून तोंडीं जाते तेव्हां प्रत्येक पिढी तिला आपल्या घरचे कपडे घालते. राजा रविवर्मा यांच्या चित्रांतील पौराणिक नायिका चित्रकाराच्या काळच्या पद्धतीचीं लुगडीं नेसलेल्या आहेत. त्यावरून चित्र कोणत्या काळीं काढलें हें सांगतां येईल, पण दमयंती होती कीं नव्हती याचा निर्णय लुगड्याच्या निऱ्यांवरून कसा होणार? तोच न्याय येथें लावावा. अब्राहामाच्या कथा आज आहेत त्या शब्दांत लिहिल्या गेल्या तेव्हां उंट हें श्रीमंताच्या दारचें नेहमींचें जनावर झालेलें होतें, म्हणजे तें लेखन इ. स. पूर्वीं दहाव्या शतकाच्या आधींचें नव्हे, पुष्कळ नंतरचेंही असेल. इतकें हाडांनीं सिद्ध होतें. त्यापलीकडे हाडें बोलत नाहींत. संस्कृत न्यायमालेंत उष्ट्रलगुडन्याय म्हणून एक न्याय आहे: उंटाच्याच पाठीवर लादलेल्या काठ्यांपैकीं एक काढून त्यालाच हाणावी. उत्पत्तीच्या पुस्तकाची गत तशीच झाली. त्याचें वय उघडें पाडणारी काठी त्याच्याच उंटांच्या पाठीवर होती.

उलट पक्षाचें एक म्हणणें मात्र आदरानें ऐकण्याजोगें आहे. उंटाच्या जाती दोन: अरबस्तानाचा एक मदारीचा व मध्य आशियाचा दोन मदारींचा. यांपैकीं दुसरा फार आधीं माणसाळला. इराणच्या पूर्व भागांत शहर-इ-सोख्ता येथें इ. स. पूर्वीं सुमारें २६०० मधील एका मडक्यांत उंटाचें शेण व केंस सांपडले. सीरिया देशची इ. स. पूर्वीं अठराव्या शतकाच्या सुमाराची एक मुद्रा बाल्टिमोरच्या वॉल्टर्स संग्रहालयांत आहे. तिच्यावर दोन मदारींच्या उंटावर बसलेलें एक देवदांपत्य कोरलें आहे. अब्राहाम मूळचा मेसोपोटेमियाकडचा. तेव्हां त्याच्यापाशीं असे पूर्वेकडचे थोडे उंट असणें अगदींच अशक्य नव्हतें, असें हे लोक म्हणतात. अशक्य नव्हतें हें खरें. पण मुद्रेवर देव बसतात म्हणून रानांतला मेंढपाळही बसत होता असें होत नाहीं. अपूर्व वस्तूच देवांना वाहन म्हणून देण्याचा प्रघात सर्वत्र आहे. याकोबानें एसावास तीस दुभत्या उंटिणी पिल्लांसह भेट दिल्या, इश्माएली व्यापारी गिलादाहून मिसरांत डिंक व बोळ घेऊन उंटांवरून चालले होते, अशीं जीं वर्णनें पुढें येतात तीं अपूर्व वस्तूचीं नसून रोजच्या व्यवहाराचीं आहेत. आमचें मत ऑल्ब्राइटच्या बाजूनेंच पडतें.

या पूर्वेकडील उंटाशीं आपला मात्र जवळचा संबंध आहे. आपला 'उंट' शब्द संस्कृत उष्ट्र व प्राकृत उट्ट यांवरून आला, हें शाळेंतील मुलेंही जाणतात. पारशी लोकांचा धर्मसंस्थापक जरथुष्ट्र याच्या नांवाच्या शेवटीं हाच शब्द लपलेला आहे. ऋग्वेदाच्या आठव्या मंडलांत चेदिवंशांतील कशु राजानें शंभर उष्ट्र व दहा हजार गाई दान दिल्याचा उल्लेख आहे. तेथील उष्ट्र उंटच कीं मदार असलेला दुसरा कोणी पशु, याविषयीं पंडितांत एकमत नाहीं. उंट धरल्यास तो दोन मदारींचाच असण्याचा संभव आम्हांस अधिक वाटतो. पश्चिमेकडचा शब्द निराळा: हिब्रूंत गामाल, अरबींत जमल, त्यावरून ग्रीक कामेलोस व इंग्रजी कॅमल.

आतां हा एक मदारीचा उंट इतक्या उशिरां कां माणसाळला? गाढव त्याच्या हजारों वर्षें आधीं ओझें वाहूं लागलें होतें. (उंटाच्या लग्नाचें व गाढवांच्या गाण्याचें सुभाषित करणाऱ्या कवीला या ज्येष्ठतेची कल्पना असती तर त्यानें गाढवास निदान मानपान तरी दिला असता.) कारण उंटाच्या प्रजननांत आहे. उंटीण सुमारें तेरा महिने गाभण राहते, एका वेळीं एकच पिल्लूं देते, आणि तें अंगावर पीत असतां पुन्हां लवकर फळत नाहीं. म्हणजे दोन वर्षांस एक वेत. पिल्लूं ओझ्यास योग्य होण्यास आणखी चारपांच वर्षें. असें जनावर पाळून कळप वाढविण्यास मोठें धैर्य लागतें. मारून खाणें सोपें. आणि अरबस्तानच्या आग्नेय किनाऱ्यावरील लोकांनीं हजारों वर्षें तेंच केलें. आजच्या संयुक्त अरब अमिरातींत उम्म-अन-नार बेटावर इ. स. पूर्वीं तिसऱ्या सहस्रकांतील थडग्यांच्या दगडांवर उंट कोरलेले आहेत, व वस्तींत शिकारीच्या रानउंटांचीं हाडें आहेत. त्याच प्रदेशांत, इ. स. पूर्वीं दुसऱ्या सहस्रकाच्या अखेरीस, लहान चणीच्या उंटांचीं हाडें दिसूं लागतात. जनावर माणसाच्या आश्रयास आलें कीं तें आकारानें घटतें, असा सर्वसाधारण अनुभव आहे. तेव्हां येथेंच व याच वेळीं हा उंट माणसाळला असें आज मानतात.

२०१६ सालीं एक हजाराहून अधिक उंटांच्या रक्तांतील आनुवंशिक द्रव्य तपासून, व जुन्या हाडांतील द्रव्याशीं ताडून, याच मतास पुष्टि मिळाली. त्या तपासणींत एक गमतीची गोष्ट निघाली. मोरोक्कोपासून इकडे आशियापर्यंतच्या उंटांत प्रदेशवार भेद फारसा नाहींच. पूर्व आफ्रिकेंतील उंट तेवढे कांहींसे निराळे पडतात. शतकानुशतकें काफिल्यांतून दूरदूरचे उंट एकत्र येऊन त्यांचें रक्त मिसळत गेलें, त्याचा हा परिणाम. ज्या रानउंटांपासून हे सर्व झाले ते मात्र सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं निर्वंश झाले. दोन मदारींच्या रानउंटांचे कांहीं कळप गोबीच्या वाळवंटांत अद्याप आहेत. ते पाळीव उंटाचे पूर्वज नसून निराळीच जात आहेत, आणि सगळे मिळून हजाराच्या आसपास उरले आहेत.

उंटाच्या मदारींत पाणी असतें ही समजूत अजून पुष्कळांची आहे. मदारींत चरबी असते. पाण्याची काटकसर सगळें शरीर मिळून करतें. नूट श्मिट-नील्सेन या शास्त्रज्ञानें १९५३-५४ सालीं सहाराच्या वाळवंटांत राहून हा हिशेब मांडला. पाणी न मिळाल्यास उंट दिवसां आपल्या देहाची उष्णता सहासात अंशांनीं वाढूं देतो, घाम गाळीत नाहीं, व ती उष्णता रात्रीच्या गारव्यांत सोडून देतो. शरीराच्या वजनाचा चौथा हिस्सा पाण्याच्या रूपानें गेला तरी त्याचें रक्त वाहतें राहतें. मनुष्य त्याच्या निम्म्या हानीनेंही मरतो. आणि पाणी मिळालें कीं तो एकदम ती तूट भरून काढतो, म्हणूनच रिबकेच्या त्या चाळीस-पन्नास खेपा!

असें जनावर हातीं आल्यावर अरबस्तानचें वाळवंट हा अडसर न राहतां रस्ता झाला. गाढव त्याच्या कितीतरी पट कमी ओझें नेतें आणि त्यास रोज पाणी हवें. उंट दीडदोनशें किलो ओझें घेऊन दिवसास तीस-चाळीस किलोमीटर जातो, व वाटेंत कांटे खाऊन राहतो. अरबस्तानच्या दक्षिणेस धुपाचा डिंक व बोळ होत. आपल्या घरांत बाळंतिणीच्या औषधांत येणारा हिराबोळ तो हाच. मिसरच्या देवळांत, यरुशलेमांत, पुढें रोममध्यें या द्रव्यांस अतोनात मागणी असे. रोमन ग्रंथकार प्लिनी सांगतो कीं, दक्षिण अरबस्तानापासून गाझापर्यंत उंटांचे पासष्ट मुक्काम होत, आणि चारा, पाणी, जकाती, पुजाऱ्यांचा व कारकुनांचा वांटा मिळून एका उंटामागें ६८८ दिनार खर्च येई. या एका वाटेवर नगरें उभीं राहिलीं. शबाची राणी कोणी प्रत्यक्ष होऊन गेली असो वा नसो, तिच्या देशाचें वैभव उंटाच्या पाठीवर उभें होतें यांत संशय नाहीं.

अश्शूरच्या राजांच्या शिलालेखांत हा उदय पावलोंपावलीं दिसतो. इ. स. पूर्वीं ८५३ मध्यें करकर येथें तिसऱ्या शल्मनेसराशीं जे राजे लढले त्यांच्या यादींत इस्राएलचा अहाब आहे, आणि त्याच यादींत एक हजार उंट घेऊन आलेला गिंदिबु नांवाचा अरब आहे. 'अरब' हें नांव इतिहासांत येथें प्रथम येतें, आणि तें उंटांसह येतें! याच राजाचा काळ्या दगडाचा स्तंभ लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें आहे; त्यावर इस्राएलचा राजा येहू जमिनीवर डोकें टेकून खंडणी देत आहे, आणि दुसऱ्या रांगांत दोन मदारींचे उंट खंडणी म्हणून आणलेले आहेत. पुढें तिसऱ्या तिग्लथ-पिलेसरानें शम्सी नांवाच्या अरब राणीचे तीस हजार उंट हरण केल्याचें लिहून ठेवलें आहे. राजांच्या आंकड्यांवर किती भरंवसा ठेवावा हें ज्याचें त्यानें ठरवावें. असुरबनिपालानें तर इतके उंट लुटून आणले कीं, बाजारांत त्यांस कवडीमोल किंमत येऊं लागली, अशी त्याची बढाई आहे.

त्याच्या राजवाड्याच्या भिंतीवर पळणाऱ्या उंटावर दोन अरब दाखविले आहेत; एक हांकतो, दुसरा मागें वळून बाण सोडतो. त्यांच्या बुडाखालीं नीट पालाणही नाहीं. मदारीच्या जनावरावर बसावें कसें, हाच त्या काळीं मोठा प्रश्न होता. मदारीच्या मागें बसलें तर हातांत काठी धरून हांकतां येतें, लढतां येत नाहीं. मदारीच्या दोहों बाजूंस लांकडी कमानी बसवून त्यांवर बैठक रचण्याची युक्ति इ. स. पूर्वींच्या शेवटच्या पांच शतकांत उत्तर अरबस्तानांत निघाली, आणि स्वार उंच, स्थिर व शस्त्र चालविण्यास मोकळा झाला. रिचर्ड बुलिएट या अमेरिकन इतिहासकारानें १९७५ सालीं या विषयावर एक ग्रंथ लिहून असें प्रतिपादन केलें कीं, या पालाणामुळें काफिल्यांचा धंदा अरबांच्या हातीं आला, उंटाची वाहतूक बैलगाडीहून स्वस्त पडूं लागली, आणि पश्चिम आशियांतून चाक असलेली गाडी कित्येक शतकें जवळजवळ नाहींशी झाली. आमच्या बखरींत निरोप घेऊन दौडणारा सांडणीस्वार भेटतो, त्याची बैठकही या दीर्घ शोधपरंपरेंतलीच.

हें ध्यानांत ठेवून बायबल पुन्हां चाळलें म्हणजे उंट तेथें कसा शिरत गेला हें दिसूं लागतें. गिदोनाच्या काळीं तो शत्रूचें जनावर आहे; मिद्यानी लोक असंख्य उंटांवरून येऊन पिकें उध्वस्त करतात, व त्यांच्या उंटांच्या गळ्यांत चंद्रकोरी असतात. दावीद राजाच्या पदरीं उंट आहेत, पण त्यांवरील अधिकारी इश्माएली, म्हणजे परका. यहुद्यांच्या धर्मशास्त्रानें उंटाचें मांस निषिद्ध ठरविलें, कारण तो रवंथ करतो पण त्याचा खूर दुभंगलेला नाहीं. त्याच्या पायास दोन बोटें असलीं तरी खालीं एकच मऊ गादी असते, हें त्या शास्त्रकारांनीं बरोबर हेरलें होतें. बाबिलोनच्या बंदिवासांतून यहुदी परत आले तेव्हांच्या मोजदादींत मात्र त्यांचे स्वतःचे ४३५ उंट आहेत. गाढवें अर्थात् ६७२० आहेत.

येशूच्या काळीं तर उंट हें दारांत दिसणारें सर्वांत मोठें जनावर होऊन बसलें होतें. श्रीमंताचा स्वर्गप्रवेश व सुईच्या नेढ्यांतून जाणारा उंट यांची त्यानें घातलेली सांगड सर्वांस ठाऊक आहे. ती अतिशयोक्ति सहन न होऊन टीकाकारांनीं पुष्कळ खटपट केली. यरुशलेमास 'सुईचें नेढें' नांवाची एक लहान वेस होती व ओझें उतरल्यावर उंट गुडघ्यांवर तिच्यांतून जाई, असें प्रवचनकार अजूनही सांगतात; अशी वेस त्या काळीं असल्याचा पुरावा मुळींच नाहीं. दुसऱ्यांनीं कामेलोस म्हणजे उंट नव्हे, त्याच्याशीं सारखा वाजणारा कामिलोस म्हणजे जाड दोर, असा पाठभेद सुचविला. दोर झाला तरी तो नेढ्यांतून जातोच असें नाहीं! कुराणांतही याच अशक्य गोष्टीचा दाखला आहे. बाबिलोनकडील यहुदी पंडितांच्या तालमुदांत हीच म्हण आहे, फक्त तेथें नेढ्यांतून जाऊं न शकणारें जनावर हत्ती आहे. त्या बाजूस उंटाहून मोठें जनावर लोकांच्या ऐकिवांत होतें.